बीबीसीचे ‘थॉट फॉर द डे’ : मोलाचे, पण जपून बोलणारे सदर

बीबीसी रेडिओ ४ वरील ‘टुडे’ या सकाळच्या वृत्तकार्यक्रमात पावणेआठच्या सुमारास राजकारण्यांची उलटतपासणी थांबते आणि चालू घडामोडींकडे श्रद्धेच्या अंगाने पाहणारे जेमतेम तीन मिनिटांचे चिंतन ऐकू येते. १९७० पासून चालत आलेल्या या सदराचे मोल मला वाटते ते यासाठी, की ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या बरोबरीने ज्यू, मुस्लिम, हिंदू, शीख आणि बौद्ध वक्ते येथे केवळ आपल्या समाजाची गाऱ्हाणी मांडायला नव्हे, तर युद्ध, निवडणूक, महागाई अशा सर्वांच्याच विषयांवर बोलायला येतात. काही चिंतने मात्र फारच गुळमुळीत असतात : बातमीचा एक धागा, धर्मग्रंथातील एक वचन आणि कोणालाही न बोचणारा निष्कर्ष.

संपादकीय कात्री त्याहून अधिक खटकते. तीन दशकांहून अधिक काळ या सदरात बोलणारे शीख वक्ते लॉर्ड इंद्रजित सिंग २०१९ मध्ये बाहेर पडले; गुरू तेगबहादूर यांनी १६७५ मध्ये परधर्मीयांच्या उपासनास्वातंत्र्यासाठी केलेल्या बलिदानावरचे त्यांचे भाषण, मुस्लिम श्रोते दुखावतील या भीतीपोटी अडवण्याचा प्रयत्न झाला, असा त्यांचा आरोप होता. ते भाषण प्रसारित झाले हे खरे, पण दुसऱ्याच्या धर्मासाठी प्राण देणाऱ्याची कथा सांगायची नाही, तर मग सांगायचे तरी काय?

निरीश्वरवाद्यांना येथे आजही जागा नाही. त्याविरुद्धच्या तक्रारी बीबीसी ट्रस्टने, म्हणजे बीबीसीच्या तेव्हाच्या नियामक मंडळाने, २००९ मध्ये फेटाळल्या. नीतिविचार ही श्रद्धावंतांचीच मिरासदारी नसल्यामुळे तो निर्णय मला पटत नाही.