लातूरच्या पाण्याला पुरलेलं बाथरूम: दिवाळी ते श्रावण

बाथरूम नवं करायचं म्हटलं की घरात आधी टाइल्सच्या रंगावर चर्चा सुरू होते. आम्ही पडलो लातूरकर. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस या गावात कुणी विसरलेलं नाही. म्हणून कागदावर नकाशा काढताना आमच्याकडे पहिली जागा ठरली ती पिंपाची. कमोड, बेसिन, शॉवर हे सगळं त्यानंतर. काम दिवाळीच्या आधी उरकलं, आता श्रावण लागलाय. मधला अख्खा उन्हाळा या बाथरूमनं काढला, तेव्हा आता त्याच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

खोली पाच बाय आठची, तळमजल्यावर. दाराशी बेसिन, मधे कमोड, टोकाला न्हाणी. या क्रमामुळे दाराकडचा भाग कोरडा राहतो आणि सासूबाईंना ओल्या फरशीवरून कमोडपर्यंत जावं लागत नाही. त्यांच्यासाठीच दार बाहेर उघडणारं घेतलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अंगाशी अडतं, हे ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांनी ध्यानात ठेवावं. न्हाणीच्या कोपऱ्यात बसायला ग्रॅनाइटचा कट्टा आहे, साधारण खुर्चीच्या उंचीचा. मिस्तरी शॉवरचा आग्रह धरत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मला त्या फवाऱ्याखाली उभं ऱ्हाणं जमत नाही बघ, मला बादलीच दे.” साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सांडतो. पाच मिनिटांत तीन बादल्या गेल्या. आम्ही फक्त हँड शॉवर ठेवलाय, तोही केस धुण्यापुरता.

पिंप शंभर लिटरचं, चार इंची ओट्यावर, आणि त्याच्यावरचा नळ फरशीपासून सव्वातीन फुटांवर. नळाची ही उंची प्लंबरला आधीच सांगावी लागते, कारण तो सवयीनं बादलीच्या मापाचा नळ काढतो आणि मग पिंप भरायला पाइप लावत बसावं लागतं. या पिंपाची खरी किंमत मेमध्ये कळली. गच्चीवरची टाकी दुपारी इतकी तापते की गार पाण्याच्या नळालाही हात लावून बघावं लागतं. पहाटे भरलेलं पिंप मात्र संध्याकाळपर्यंत अंघोळीजोगं राहतं.

दुसरी गोष्ट क्षारांची. बोअरचं पाणी जड. बोअरची टाकी वेगळी ठेवून तिची लाइन फक्त फ्लशला दिली. नळाचं पाणी बेसिनला आणि अंघोळीला. टँकर आला की मात्र सगळ्यालाच जे येईल ते पाणी. म्हणून पाइप सोडले तर भिंतीत काहीही गाडलं नाही. फ्लश टँक बाहेरचा, तीन आणि सहा लिटरच्या दोन बटणांचा. गरम-गार पाणी मिसळायला भिंतीत गाडायच्या डायव्हर्टरऐवजी भिंतीवरचा साधा वॉल मिक्सर. दुकानात भिंतीतला टँक आणि अधांतरी कमोड फार देखणे दिसतात, पण ज्या पाण्यानं बादलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, तेच पाणी त्या टँकच्या व्हॉल्व्हमध्ये बसणार. आमचा फ्लश मे महिन्यात थेंबथेंब गळायला लागला. अँगल कॉक, म्हणजे टँकला पाणी सोडणारा छोटा नळ, बंद केला, झाकण काढलं, व्हॉल्व्ह लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून घासला, पुन्हा बसवला. टाइल फोडावी लागली नाही की माणूस बोलवावा लागला नाही.

बेसिनच्या नळाच्या तोंडाची जाळीही अशीच मधूनमधून काढून धुते. ॲसिड मात्र बाथरूमच्या दारातही आणू नका. ते नळाचं पॉलिश खातं आणि टाइलच्या सांध्यातलं सिमेंटही. सांधे सिमेंटऐवजी इपॉक्सीनं, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या रेझिनच्या लांबीनं, भरून घ्यावेत. महाग पडतं, पण आमचे सांधे अजून काळे पडलेले नाहीत. टाइल्स फिक्या राखाडी, खरखरीत. गडद चकचकीत टाइलवर आणि काळ्या नळांवर इथल्या पाण्याचा एकेक थेंब पांढरा डाग होऊन उमटतो. काचेचं पार्टिशन याच कारणानं घेतलं नाही.

जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्याबरोबर पाइपही हलतात. म्हणून खालची काळी माती काढून मुरूम भरला, चांगला चोपला, मगच पाइप टाकले. न्हाणीची लाइन आणि कमोडची लाइन अगदी वेगळ्या. कमोडची सेप्टिक टँकला, न्हाणीची परसात केळी आणि कढीपत्त्याला. उन्हाळ्यात झाडं या पाण्यावर जगली, त्याचा मला फार आनंद आहे.

उतार आठ फुटांत सव्वा इंच घेतला. बादलीनं अंघोळ करणाऱ्या घरात पाणी एकदम पडतं, उतार कमी असला की ते कोपऱ्यात साचतं. भिंतीपासून कमोडच्या पाइपाचं अंतर मोजताना टाइलची जाडी धरायला लावा. कच्च्या भिंतीपासून नऊ इंच मोजले की टाइल लागल्यावर ते भरत नाहीत आणि कमोड बसत नाही. टाइल लावण्याआधी भिंतीला टेप धरून सगळ्या पाइपांचे फोटो काढून ठेवले होते. नंतर सासूबाईंसाठी कमोडशेजारी धरायचा दांडा बसवला, तेव्हा ड्रिल कुठं मारायचं ते फोटोत बघूनच ठरवलं.

एक तक्रार आहे. कमोडच्या हळू मिटणाऱ्या झाकणाची बिजागरी काही महिन्यांतच सैल झाली. दुकानदारानं बदलून द्यायला फार फिरवलं. झाकण घेताना त्याचे सुटे भाग गावात मिळतात का, ते आधी विचारा.

उन्हाळ्यात चार दिवस गावाला जाऊन आलं की बाथरूममध्ये वास येतो. तो ड्रेनेज तुंबल्याचा नसतो. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीच्या जाळीखालच्या भांड्यात, वास अडवायला साठून राहिलेलं पाणी उन्हानं आटतं आणि खालची हवा वर येते. तांब्याभर पाणी ओतलं की थांबतो. जाताना शेजारच्या काकूंना किल्ली देतो, त्या एक दिवसाआड पाणी ओततात.

गिझर १५ लिटरचा आहे. त्याच्या टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड जड पाण्यात लवकर झिजतो, तो थंडी सुरू होण्याआधी उघडून बघायचाय.