रूझवेल्ट आयलंडची एफ गेली, एम आली : वापरून कशी वाटतेय

न्यूयॉर्कला नवीन येणारी आपली बरीच मंडळी रूझवेल्ट आयलंडवर (मॅनहॅटन आणि क्वीन्सच्या मधल्या नदीतलं बेट) घर बघत असतात, इथल्या कॉर्नेल टेक कॅम्पसची पोरं तर आहेतच, म्हणून इथल्या सबवेबद्दल लिहितोय. एफ, एम, ई, आर, क्यू ही सगळी सबवेच्या गाड्यांची नावं. मॅनहॅटनला ऑफिस असेल तर बिनधास्त या, पण दर आठवड्याला जॅक्सन हाइट्सला जाऊन मेथी, कोथिंबीर, पोह्यांची पिशवी भरणारे असाल तर जरा थांबा.

आयलंडवर सबवेचं स्टेशन एकच, जमिनीखाली सुमारे 100 फूट, एस्केलेटर संपता संपत नाही. 63 व्या रस्त्याच्या बोगद्यावरचं हे स्टेशन 1989 मध्ये उघडलं, तेव्हा लाइन पुढच्या क्वीन्सब्रिजलाच संपायची. 2001 च्या डिसेंबरात ती क्वीन्स बुलेव्हार्डच्या लाइनला जोडली आणि मग एफ इथून जायला लागली. ऑगस्ट 2023 मध्ये रूळ बदलायला बोगद्यात काम काढलं, एफ 53 व्या रस्त्याने वळवली आणि आम्हाला दिली दर 20 मिनिटांनी एक शटल. सात महिने हेच. ट्रामच्या (नदीवरून मॅनहॅटनला जाणारी केबल कार) रांगेत उभं राहून लोक तोंडं ओळखायला लागले एकमेकांची.

1 एप्रिल 2024 ला लाइन पुन्हा चालू झाली, एफ परत आली, सगळे खूश. आणि मग डिसेंबर 2025 पासून सोमवार ते शुक्रवार दिवसा एफ परत 53 वर आणि तिथली एम आमच्याकडे! रात्री आणि शनिवार-रविवारी मात्र एफच.

आता खरं बोलायचं तर या अदलाबदलीमागचं लॉजिक पटतं. आधी एम 53 च्या बोगद्यातून ई सोबत यायची, क्वीन्स प्लाझाला फुटून आर च्या लोकल ट्रॅकवर घुसायची, आणि जरा पुढे एफ येऊन ई च्या एक्सप्रेस ट्रॅकवर घुसायची, म्हणजे एक गाडी अडली की चारही लाइनींची बोंब. आता ई आणि एफ दोन्ही एक्सप्रेस असल्यामुळे सरळ निघून जातात, एम थेट लोकलला लागते. क्वीन्सच्या लाखभर लोकांचा फायदा होत असेल तर आयलंडच्या मूठभरांनी किती रडायचं.

पण रडायचं तर आहेच थोडं 😅 एम ही एफपेक्षा कमी वेळा येते, हा पहिला मुद्दा, त्यामुळे सकाळी एक चुकली की प्लॅटफॉर्म भरत जातो. दुसरं म्हणजे क्वीन्सच्या दिशेला एफ क्वीन्सब्रिजनंतर थेट रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यू, म्हणजे आपलं जॅक्सन हाइट्स. एम लोकल आहे, मध्ये 36 स्ट्रीट, स्टाइनवे, 46 स्ट्रीट, नॉर्दर्न बुलेव्हार्ड, 65 स्ट्रीट असं सगळीकडे टेकत टेकत जाते. त्यामुळे आमच्याकडे किराणा आता वीकेंडला, एफ असते तेव्हाच.

मॅनहॅटनकडे जाताना तक्रार फारशी नाही. लेक्सिंग्टन/63 ला उतरलात की समोरच्याच प्लॅटफॉर्मला क्यू लागते, जिना नाही काही नाही, टाइम्स स्क्वेअर किंवा कनाल स्ट्रीटला जायचं असेल तर हेच करा. रॉकफेलर सेंटर, 34 स्ट्रीट, वेस्ट फोर्थ ही एफची नेहमीची स्टेशनं एमला पण आहेत, फक्त ब्रुकलिनमध्ये जे स्ट्रीटला जाणाऱ्यांना बदलावी लागते. उलट विल्यम्सबर्गला थेट जाता येतं, ज्यांना तिकडच्या कॅफेंचं वेड आहे त्यांच्यासाठी.

वीकडेला दिवसा माझ्याकडून 5 पैकी 3, वीकेंडला 4. ट्राम बॅकअपला आहे पण चेरीच्या फुलांच्या दिवसात तिच्या नादी लागू नका, अख्खं शहर लोटतं.

आणि पाहुण्यांना आधीच बजावून ठेवा. गुरुवारी दुपारी कोणी जुन्या आठवणीने एफ पकडली तर आयलंडच्या जागी कोर्ट स्क्वेअर आलं म्हणून फोन येणार, तेव्हा त्यांना सांगायचं की तसंच उलट लेक्सिंग्टन/53 ला या, वर चालत 59 व्या रस्त्याला जा आणि ट्राम घ्या.