सोलरचं स्ट्रक्चर: उंच की बुटकं?

पॅनेल कुठल्या कंपनीचे, इन्व्हर्टर कुठला, यावर माणूस महिनाभर डोकं खाजवतो. स्ट्रक्चरचा, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात त्या सांगाड्याचा प्रश्न मात्र व्हेंडर गच्ची बघायला येतो तेव्हा उभ्या उभ्या, चहा वर यायच्या आत मिटतो. "साहेब, उंच करून घ्या, खालची गच्ची मोकळी राहते." आपण हो म्हणतो. मीही म्हणालो होतो, इसारही देऊन झाला होता. नंतर बदललं. ते का, हे सांगण्यासाठीच हे लिहितोय.

माझ्याकडे ३ किलोवॅट आहे, सहा पॅनेल. ताईकडे, म्हणजे दाजींच्या घरीही तेवढंच, फक्त ते माझ्या वर्षभर आधी बसवलेलं. त्यांचं स्ट्रक्चर उंच: पुढची बाजू ७ फुटांवर, मागची ९ फुटांवर. माझं बुटकं: पुढून दीड फूट, मागून साडेतीन. दोन्ही घरं कराड-वाळवा पट्ट्यात, दोन्हीकडून साखर कारखान्याचं धुराडं दिसतं. हे धुराडं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उंच स्ट्रक्चरची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. बुटक्यात गच्ची जाते म्हणजे जातेच. तीन किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट धरा, आणि ती जागा पुन्हा तुमची होत नाही. उंचाखाली दोरी बांधा, खाट टाका, उन्हाळ्यात खालची खोलीही जरा गार राहते. दाजींकडे संध्याकाळी तिथेच बैठक भरते. वारा खालून खेळत असल्यामुळे पॅनेल कमी तापतात, आणि तापलेलं पॅनेल वीज कमी देतं, हे तर आहेच. फक्त "खाली वाळवणसुद्धा घालता येतं" असं व्हेंडर म्हणाला, की त्याला विचारा, कुरडई सावलीत कधीपासून वाळायला लागली?

सावलीच्या बाबतीतही उंच सरस. बुटक्याला कठड्याची सावली नडते. आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य पन्नास अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे दक्षिणेचा तीन फुटी कठडा दुपारी अडीच फूट सावली टाकतो आणि सकाळी त्याहून लांब. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांना फटका बसू शकतो. त्यामुळे बुटकं घेणार असाल तर कठड्यापासून आणि टाकीपासून अंतर सोडायला जागा हवी. गच्ची लहान आणि टाकी नेमकी दक्षिणेला असेल, तर पुढचं न वाचता उंच घेतलंत तरी माझी हरकत नाही.

पैशांचं थोडक्यात. मला उंचाचे १८ हजार जास्त सांगितले होते, तुम्हाला वेगळं सांगतील. सूर्यघर योजनेचं अनुदान किलोवॅटवर ठरतं, तीन किलोवॅटला ७८ हजार. तुम्ही स्ट्रक्चर सात फूट करा नाहीतर सतरा, वरचा खर्च आपल्याच खिशातून.

वाऱ्याचंही तसंच. उंच स्ट्रक्चर म्हणजे गच्चीवर उभारलेलं शीड. पाइप जाड हवा, पाया नीट हवा. कोकणात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ ज्यांनी पाहिलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे वळवाच्या वाऱ्यात दाजींचं स्ट्रक्चर हलकंसं गुणगुणतं, एवढंच. आजवर काही झालेलं नाही.

इथवर पारडं उंचाकडेच झुकतंय, मान्य. मीही याच हिशेबाने इसार दिला होता. मग जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास ताईकडे गेलो. दाजी मोबाइल पुढे करून म्हणाले, "पाव्हणं, हे बघा, दिवसाला बारा युनिट यायचे, आता नवावर आलंय. जरा वर या माझ्याबरोबर."

वर गेलो. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालं की आमच्याकडे काजळी पडते. दोरीवरचा पांढरा शर्ट संध्याकाळी काढताना झटकायचा नसतो, फुंकायचा असतो, हे इथली पोरंही जाणतात. ही काजळी पॅनेलवर पडते, पहाटे तिच्यावर दव पडतं, आणि ऊन आलं की सगळं वाळून बसतं. तव्याच्या बुडासारखं. नुसतं पाणी मारून ते जात नाही, हाताने पुसावं लागतं.

आता सात ते नऊ फुटांवरचं पॅनेल पुसायचं कसं? दाजींनी शिडी लावली, मी ती खालून धरली. पुढून लांब दांड्याचा वायपर फिरवला तर निम्म्या पॅनेलपर्यंत पोचला, तोही अंदाजाने, कारण खालून काच दिसतच नाही. मग शिडी मागे नेली. मागची बाजू गच्चीच्या कडेला. शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहिलेला माणूस कठड्याच्या वर निघतो आणि त्याच्यापलीकडे थेट खालचं अंगण. दाजींचं वय ५८. ताई जिन्याच्या दारातून एवढंच म्हणाली, "राहू दे की ते." काळं पाणी माझ्या बाहीतून काखेपर्यंत आलं होतं. सहा पॅनेलना दीड तास लागला आणि मधल्या दोघांचा वरचा पट्टा राहिलाच.

दुसऱ्या दिवशी ॲपवर साडेअकरा युनिट दिसले. परत येताना गाडीतूनच व्हेंडरला फोन लावला.

दाजींनी उपाय केले नाहीत असं नाही. एका पोराला तीनशे रुपये देऊन बोलावलं, तर तो सरळ पॅनेलवर चढून चालत पुसायला लागला. काच सहसा फुटत नाही, पण आतल्या सेलना बारीक तडे जाऊ शकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्याला खाली उतरवलं. मग स्प्रिंकलर बसवला. पाणी बोअरचं. दोन महिन्यांत काचेवर क्षारांचे पांढरे ठिपके, काजळी होती तिथेच. आता मधून चालायची लोखंडी पट्टी करून घेणार म्हणतात. ती आधीच मागितली असती तर स्वस्तात झाली असती. उंचच घ्यायचं असेल तर एवढं मात्र कोटेशनमध्ये लिहूनच घ्या.

माझ्याकडे काय होतं? आठ-दहा दिवसांनी सकाळी सातला, पॅनेल गार असताना, बादली, स्पंज आणि फरशी पुसायचा दांडा घेऊन जातो. पाणी पिण्याच्या नळाचं. पुढून अर्धं, मागून अर्धं, पाय गच्चीवरच. वीस मिनिटं. खालच्या चौकटीशी गाळाची जी पट्टी साचते, पावसाळ्यातही ती पूर्ण जात नाही, ती बोटाने काढता येते.

बुटक्याचे त्रासही सांगतो, नाहीतर मी व्हेंडरचा माणूस वाटेन. कबुतरं. दीड फुटांची सावलीची जागा म्हणजे त्यांना फुकटची चाळ. पहिल्या पावसाळ्याआधीच चारी बाजूंनी जाळी मारून घेतली, तरी एक जोडी कुठूनतरी घुसतेच. खालचा कोबा झाडता येत नाही, पाला अडकून पाणी तुंबतं, वाकून काठीने काढावं लागतं. आणि उद्या स्लॅब गळला तर त्या जागी काम करायला पॅनेल उतरवावे लागणार. म्हणून बसवण्याआधीच वॉटरप्रूफिंग करून घेतलं, आणि स्ट्रक्चरचे पाय कोब्यात ड्रिल न मारता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घेतले. व्हेंडर ड्रिल घेऊनच आला होता.

वर्षाचं उत्पादन विचाराल तर दोघांचं जवळपास सारखं आहे, पावसाळ्यात त्यांचं एखादं युनिट जास्तच. फरक पडतो तो नोव्हेंबर ते मार्च. तुमच्याकडे कारखाना नसेल, वीटभट्टी नसेल, घरासमोर कच्चा रस्ता नसेल, तर हा सगळा वैताग तुमच्या वाट्याला कदाचित येणारही नाही, आणि मग उंच स्ट्रक्चरखालची ती बैठक खरंच छान आहे. मी स्वतः तिथे बसतो.

कुरडयांचं म्हणाल, तर यंदा त्या शेजारच्या काकूंच्या गच्चीवर वाळल्या. एक डबा तिकडेच राहिला.