टाकीचं झाकण: रबर बदलायचं, लोकल घ्यायचं, लॉकवालं की ओरिजिनल?

नेरुळला आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हायवेवरच्या एका पंपावर पेट्रोल भरलं. पंपावरच्या मुलाने झाकण काढून टपावर ठेवलं, मागच्या गाडीने हॉर्न मारला, काका निघाले. झाकण जुईनगरच्या आसपास कुठेतरी गेलं. संध्याकाळी ते वर आले. "अरे, दुकानदार म्हणतो लॉकवालं घ्या, ओरिजिनलची काही गरज नाही. काय करू?"

काकांना झाकण घेणं भागच होतं. तुमचं झाकण जागेवर असेल आणि नुसती शंका असेल, तर आधी ते हातात घेऊन बघा. कडेच्या रबराच्या रिंगवर नखाने दाबलं की ते दबून परत वर यायला हवं. कडक झालेलं, चपटं पडलेलं किंवा बारीक चिरा पडलेलं रबर निकामी समजा. आटेवालं झाकण फिरवताना शेवटी टकटक आवाज येतो. तो येत नसेल आणि झाकण नुसतंच फिरत राहत असेल, तर आतली खाच झिजली. सकाळी स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडीच्या मागच्या बाजूला पेट्रोलचा वास घुमत असेल तर संशय आधी झाकणावर घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. वास पाइपमधूनही येऊ शकतो आणि तो प्रकार झाकण बदलून जात नाही.

रबर मऊ असेल आणि झाकण टकटक करत असेल तर काहीच विकत घेऊ नका. कोरड्या सुती फडक्याने रिंग आणि टाकीच्या नळीची कड पुसा. ग्रीस लावू नका, साध्या ग्रीसने काही रबर फुगू शकतं. आणखी एक जागा आहे, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. बाहेरचं दार उघडलं की नळीभोवती जो खोलगट भाग दिसतो, तिथे बऱ्याच गाड्यांना पाणी खाली जायला बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं की पावसाचं पाणी झाकणाभोवती साचतं. उघड्यावर गाडी लावणाऱ्यांनी मे महिन्यात तिथे थोडं पाणी ओतून बघावं.

पाण्याचं एवढं कौतुक का? आता पंपावर सर्रास 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. गाडीतला पंप पेट्रोल खेचतो तेही तळातूनच. पूर्वी थोडंफार चालून जायचं तसं सैल झाकण आता चालत नाही.

आता पर्यायांकडे. सगळ्यात स्वस्त म्हणजे नुसतं रबर बदलणं. कंपनीच्या काउंटरवर बहुतेकदा पूर्ण झाकणच मिळतं, सुटी रिंग मिळत नाही. गल्लीतल्या दुकानात मापाची ओ-रिंग मिळेलही, पण ती पेट्रोल-इथेनॉल सहन करणाऱ्या रबराची आहे की नळाच्या वायसरच्या जातीची, हे डोळ्यांना कळत नाही. चुकीचं रबर काही महिन्यांत फुगतं किंवा तडकतं. मी हा मार्ग अशा जुन्या गाडीसाठीच ठेवेन, जिचं झाकण कुठेच मिळत नाही.

लोकल झाकण आणि ओरिजिनल झाकण समोरासमोर ठेवली की दिसायला जुळी भावंडं. फरक आत असतो. पेट्रोल खर्च होत जातं तशी टाकीत हवा यावी लागते. उलट पेट्रोलची वाफ बाहेर न सुटता कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये जावी लागते. तिथून इंजिन ती ओढून जाळतं. अशा गाड्यांचं झाकण बंद जातीचं असतं आणि त्यातला छोटा व्हॉल्व्ह आत पोकळी किंवा दाब फारच वाढला तरच उघडतो. जुन्या काही गाड्यांत मात्र झाकणच श्वास घेतं. श्वास घेणाऱ्याच्या जागी ठार बंद झाकण बसवलं तर टाकीत पोकळी होते, इंजिन चढावर आचके देतं आणि झाकण उघडताना जोरात हिस्स होतं. उलट अदलाबदल केली तर वास येतो आणि पेट्रोल वाफेवाटे उडतं. लोकल मालात हा व्हॉल्व्ह नीट आहे की नुसता दिखाव्याचा, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

अमेरिकेत साधारण 1996 नंतरच्या बहुतेक गाड्या ही वाफेची गळती स्वतः पकडतात, सैल झाकणाला तिथे पी0457 असा खास बिघाडाचा कोड आहे. आपल्याकडच्या प्रत्येक गाडीत ती सोय नाही. त्यामुळे डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणून झाकण ठीक आहे, असं धरू नका.

लॉकवालं झाकण हे दुकानदाराचं लाडकं. गाडीत सीटशेजारी दार उघडायचा खटका असेल तर कुलूपावर कुलूप कशाला? पंपावर प्रत्येक वेळी किल्ली मुलाच्या हातात द्यायची, आणि आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत ते बारीक कुलूप अडकलं की रांगेत उभं राहून झटापट करायची. खटका नसलेली किंवा खटका तुटलेली जुनी गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल, तरच ते घ्या. त्यातही व्हॉल्व्हचा प्रश्न लोकलइतकाच लागू आहे.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनं झाकण मिळतं. वाशीचा पूल ओलांडून तिथवर जायचं पेट्रोल जमेस धरा, आणि त्या झाकणाचं रबरही तुमच्या रबराइतकंच म्हातारं असणार. फियाट पालिओसारख्या, बनायच्या बंद झालेल्या गाडीवाल्यांना मात्र तोच आधार.

बाकी सगळ्यांना माझा सल्ला ओरिजिनलचाच. बहुतेक छोट्या गाड्यांचं झाकण टाकीभर पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त पडतं, तेव्हा इथे काटकसर करायची जागा नाही. काउंटरवर नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका, आरसीवरचा चॅसिस नंबर दाखवा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचं झाकण वेगळं असू शकतं. नवं बसवण्याआधी नळीच्या कडेवर बोट फिरवा. कड पत्र्याची असेल आणि गंजून खडबडीत झाली असेल तर ती नव्या रबरालाही लवकरच खाईल.

ठाणे-नवी मुंबईत सीएनजीवाल्यांची संख्या मोठी. त्यांच्या गाडीतही पेट्रोलची टाकी असतेच, फक्त झाकण महिनोन् महिने उघडत नाही. रबर तिथेच वाळून चिकटतं आणि उघडताना फाटतं. पंधरा-वीस दिवसांनी एकदा उघडून पुसायला खर्च शून्य.

काकांनी पहिल्या दिवशी वेळेपुरतं लोकल झाकण बसवलं. फडकं कोंबून पावसात फिरण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. चार दिवसांनी ओरिजिनल आलं, झाकण गाडीला बांधून ठेवणाऱ्या पट्टीसकट. लोकल आता डिकीत स्टेपनीशेजारी पडून आहे, आणि पंपावर काका गाडीतून उतरून स्वतः झाकण धरून उभे राहतात.