पाऊस_पुणे की पाऊस["पुणे"]?

समजा, महाराष्ट्रातल्या ३६ जिल्ह्यांच्या पावसाच्या ३६ सीएसव्ही फायली (साध्या मजकुरातले तक्ते) एका फोल्डरात आहेत. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नुकतीच शिकलेल्याला वाटतं, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) फिरवू आणि दर फेरीला एक नवं व्हेरिएबल (माहिती ठेवायचं नाव) काढू: पाऊस_पुणे, पाऊस_सातारा, पाऊस_लातूर. (पायथन ३ मध्ये देवनागरी नावं खरोखर चालतात.) शोधाशोध केली की अशी नावं तयार करू देणारं ग्लोबल्स() हे फंक्शन सापडतं, आणि ते चालतंही.

अडचण दुसऱ्या दिवशी येते. सगळ्या जिल्ह्यांची सरासरी काढायची तर पुन्हा लूप, पुन्हा "पाऊस_" ला जिल्ह्याचं नाव जोडणं, पुन्हा ग्लोबल्स(). आणि हे ग्लोबल्स() हातात देतं काय? डिक्शनरीच, म्हणजे एकेका नावाखाली माहिती जपणारा संग्रह! म्हणजे डिक्शनरी तुम्ही वापरताच आहात. फक्त ती स्वतःची नाही, प्रोग्रामची सगळी नावं जिथे राहतात ती सामायिक. तिथे एखादं नाव चुकून दुसऱ्यावर बसलं तर कोणी हटकत नाही. एडिटरलाही ही नावं दिसत नाहीत, तो प्रत्येक ओळीखाली लाल रेघ मारत बसतो.

हाच कोड फंक्शनमध्ये नेऊन लोकल्स() (फंक्शनपुरती नावं देणारं) वापरलं तर तेही जमत नाही. फंक्शनमधल्या नावांच्या जागा कोड कंपाइल होतानाच ठरतात. मागाहून आलेल्याला खुर्ची नसते. एक्झेकचा मार्ग तर मी कोणाला सुचवणार नाही. फाइलीच्या नावातला मजकूर कोड म्हणून चालवणं म्हणजे अनोळखी माणसाला किल्ली देणं. वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेने हा अनुभव घेतला आहे: रजिस्टर ग्लोबल्स या सोयीत वेब पत्त्यातून आलेली नावं थेट व्हेरिएबल होत. २००२ मध्ये ४.२ आवृत्तीत ती सोय मुळात बंद ठेवली, २०१२ मध्ये ५.४ मध्ये काढूनच टाकली.

मग निवडायचं काय? मी एकच प्रश्न विचारतो: हे नाव कोड लिहिताना मला ठाऊक आहे, की डेटातून येतं?

डेटातून येत असेल तर डिक्शनरी. पाऊस["मुंबई उपनगर"] बिनधास्त चालतं. व्हेरिएबलच्या नावात मधली मोकळी जागा चालत नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या-नव्या फायली एकत्र वाचायच्या तर वाचतानाच जुनी की (डिक्शनरीतलं नाव) बदलून घ्यायची, पुढचं गणित तसंच राहतं. पायथन ३.७ पासून टाकलेला क्रमही टिकतो. खोट एकच, आणि मराठीत ती जरा जास्तच बोचते: ऱ्हस्व-दीर्घ. पाऊस["पूणे"] मध्ये काही भरलंत तर गुपचूप ३७वा जिल्हा तयार होतो. वाचताना मात्र कीएरर (असं नाव नाही, ही चूक) येतो, तेवढा दिलासा.

नाव म्हणजे नुसता क्रमांक असेल (विक्री१, विक्री२, विक्री३) तर लिस्ट (क्रमाने मांडलेली यादी) पुरे. मोजणी शून्यापासून, आणि मधला एक काढला की पुढचे सगळे सरकतात. क्रमांकाला स्वतःचा अर्थ असेल, म्हणजे वर्ष किंवा रोल नंबर, तर परत डिक्शनरीच बरी.

नावं आधीच ठरलेली असतील, उदाहरणार्थ प्रत्येक केंद्राचं नाव, उंची, अक्षांश, तर डेटाक्लास (ठरलेल्या रकान्यांचा साचा). केंद्र.उंची असं लिहिता येतं, एडिटर नाव पुरं करून देतो. तरी केंद्र.उंचि = 560 असं चुकीच्या ऱ्हस्वाने लिहिलंत तर नवं खातं उघडतंच; ते अडवायला ३.१० पासून स्लॉट्स=ट्रू देता येतं. जिल्ह्यांची नावं सेटअ‍ॅट्रने (मजकुरातलं नाव जोडणाऱ्या फंक्शनने) ऑब्जेक्टवर चिकटवणं मात्र जुनाच आजार नव्या पत्त्यावर.

पावसाच्या या उदाहरणात मी स्वतः डिक्शनरीवरही थांबणार नाही. पांडास या पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत ३६ फायली जोडून एकच डेटाफ्रेम (तक्ता) करीन आणि "जिल्हा" हा स्तंभ घालीन. मराठवाड्याची सरासरी, जुलैतला सर्वांत कोरडा जिल्हा, हे प्रश्न एकेका ओळीत सुटतात. डिक्शनरीत प्रत्येकासाठी लूप लिहावा लागला असता. फायलींचे स्तंभच एकमेकांशी जुळत नसतील तर तक्त्याचा हट्ट सोडा, डिक्शनरीत ३६ डेटाफ्रेम ठेवा.

जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांनी डिक्शनरीच्या जागी मॅप (तिथला तसाच संग्रह) वाचावं. साधा ऑब्जेक्टही चालतो, पण "कन्स्ट्रक्टर" सारखी काही नावं त्यात आधीच येऊन बसलेली असतात.