पुरातली गाडी आणि हिरव्या खुणांचा तपासणी अहवाल

जाहिरातीत जुनी गाडी चकचकीत दिसते, भाव बाजारापेक्षा थोडा कमी असतो आणि फोन केला की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. शंभर-दोनशे मुद्द्यांची तपासणी, सगळीकडे हिरवी खूण, खाली शिक्का. सोबत आरसी, पीयूसी आणि विम्याचे फोटो. घेणारा टोकन पाठवतो. गाडी दारात आल्यावर काही आठवड्यांत पॉवर विंडो, एसी, सेन्सर एकेक करून दगा द्यायला लागतात. मग गॅरेजमध्ये सीट उघडल्यावर कार्पेटखाली वाळलेला गाळ निघतो.

२०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर असो की २०२१ चा चिपळूणचा, पाण्यात बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय होतं ते समजून घ्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी भंगार म्हणून लिलावात निघते. आरसी रद्द करून घ्यायचं राहून गेलं, की तीच गाडी धुऊन-पुसून परत बाजारात उभी राहते. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी मात्र आतून गंज चढवत राहतं, म्हणून बिघाड उशिरा दिसतो आणि तोवर विकणाऱ्याचा फोन बंद असतो.

हिरव्या खुणांचा तो अहवाल कधी दुसऱ्याच गाडीचा असतो, फक्त नंबर बदललेला. कधी याच गाडीचा, पण बुडण्याआधीचा. म्हणून अहवालात आधी तारीख, किलोमीटर आणि पूर्ण चासी नंबर शोधा. चासी नंबर नसेल तर तो कागद बाजूला ठेवा. असेल तर तपासणी करणाऱ्या कंपनीचा फोन नंबर स्वतः शोधून विचारा. पीडीएफवर छापलेल्या नंबरावर विचारून उपयोग नाही.

चासी नंबर सतरा अंक-अक्षरांचा असतो. साधारणपणे मारुतीचा एमए३, ह्युंदाईचा एमएएल, टाटाचा एमएटी असा सुरू होतो. गाडीच्या पत्र्यावर तो कुठे कोरलेला आहे ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमध्ये बघा. कोरलेली अक्षरं एका ओळीत, एकाच खोलीची हवीत. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे, वेल्डिंग किंवा तेवढ्याच भागावर ताजा रंग दिसला तर पुढे बोलणी करू नका. मग हा नंबर आरसी, विमा पॉलिसी आणि अहवाल या तिन्हींशी एकेक अक्षर लावून बघा.

पीयूसी फक्त धुराबद्दल सांगतं. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांच्याशी त्याचा संबंध नाही. त्यावरचा क्यूआर स्कॅन करा आणि तीच माहिती परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकून पडताळा. आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते: खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, तोवर आरटीओचं वेगळं फिटनेस सर्टिफिकेट लागत नाही. सात वर्षांच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीसोबत ते दाखवत असतील, तर एकतर कागद बनावट आहे किंवा गाडी आधी टॅक्सी होती.

गाडीजवळ गेल्यावर चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाळाची रेघ आतल्या टोकाला राहते, तिथपर्यंत धुणारे पोहोचत नाहीत. स्टेपनीचा खड्डा आणि सीटच्या रुळांवरचा गंज बघा. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझायला हवा. पेटलाच नाही तर दोष लपवायला बल्ब काढलेला असू शकतो. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहासही काढा, तिथले किलोमीटर मीटरपेक्षा जास्त निघाले तर मीटर मागे फिरवलेला आहे.

मालकी, बोजा (गाडीवरचं कर्ज) आणि विमा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर दिसतात, ई-चलनं त्यांच्या वेगळ्या पोर्टलवर बघा. कर्ज असेल तर त्याची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओच्या एनओसीचा फॉर्म २८ हवा. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून कोणालाही देऊ नका, घेऊही नका. डीलर असेल तर आरटीओचं अधिकारपत्र मागा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी ती तरतूद आहे.

फसवणूक लक्षात आली की पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट लगेच घ्या, ती काढून टाकली जाते. पोलिसांत फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, बनावट कागद वापरल्याचं ३४० वेगळं. डीलरविरुद्ध ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करता येते. आणि गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी स्वतंत्र सर्व्हेअरकडून फोटोंसह लेखी अहवाल करून घ्या, कारण कार्पेट धुऊन झाल्यावर गाळाचा पुरावा उरत नाही.