एकवीस सिटिंगमध्ये नस मोकळी : कंबरदुखीवाल्याला कसं गंडवलं जातं

सायटिकाच्या, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्याच्या नावावर माणूस गंडतो तो बहुधा तिसऱ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात त्याला वाटत असतं, उसण भरलीय, जाईल. दुसऱ्यात मलम, शेक, मिळेल ती दुखण्याची गोळी. तिसऱ्यात कळ कमरेतून नितंबात, तिथून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरलेली असते, रात्री कूस बदलता येत नाही आणि ओझी उचलून पोट भरणाऱ्याचा रोज बुडायला लागलेला असतो. नेमकं तेव्हाच कुणीतरी सांगतं, "तिकडे जा, गादी बसवून देतात, माझ्या मेव्हण्याचं गेलं." मेव्हणा खोटं बोलत नसतो. त्याचं खरंच गेलेलं असतं. फक्त ते कशानं गेलं, हे त्याला ठाऊक नसतं.

दोन मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत मऊ, पाणीदार गर. कडी चिरली की गर मागे फुगतो किंवा बाहेर सुटतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळाला टेकतो. नुसत्या दाबानं एवढी आग होत नाही. गरातल्या रसायनांनी ते मूळ सुजतं आणि सुजलेल्या मुळावर दाब पडला की पायात वीज सुटते. पण बाहेर सुटलेल्या गराला शरीर परका समजतं आणि हळूहळू खाऊन टाकतं. ऐकायला उलटं वाटेल, पण गादी नुसती फुगलेली असेल तर ती पूर्ववत होण्याचं प्रमाण कमी, आणि गर पार सुटून बाहेर पडला असेल तर तो विरण्याचं प्रमाण खूप जास्त. बहुतेकांची पायातली कळ ६ ते १२ आठवड्यांत बरीच उतरते. कुणी काही केलं तरी, आणि नाही केलं तरी.

आता गादी बसवणाऱ्याच्या पॅकेजचा हिशोब करा. तिसरा आठवडा संपताना सुरुवात, दिवसाआड एक अशा २१ सिटिंग. म्हणजे ४१ दिवस, जवळजवळ सहा आठवडे. शेवटच्या सिटिंगला दुखणं सुरू होऊन नऊ आठवडे झालेले असतात. त्या सुमारास ते उतरणारच होतं. यात औषध एकच असतं, कॅलेंडर, आणि ते फुकट मिळतं. पैसे आगाऊ मागतात त्यामागचं कारणही हेच. तिसऱ्या सिटिंगलाच बरं वाटलं तर माणूस परत यायचा नाही.

पहिल्या भेटीत विश्वास बसवावा लागतो. त्यासाठी सगळ्यात जुना हातखंडा म्हणजे आखूड पाय. तुम्हाला पालथं किंवा उताणं झोपवतात, बूट पायातच ठेवायला सांगतात आणि दोन्ही टाचा एकत्र धरून सोबत आलेल्या माणसाला दाखवतात, "बघा, डावा पाय बोटभर आखूड. कंबर फिरलीय." त्या वेळी गादी बसवणाऱ्याचे अंगठे कुठे आहेत ते बघा. एका टाचेखाली अंगठा रोवून बूट पायाच्या दिशेनं दाबलेला असतो आणि दुसरा बूट टाचेकडून किंचित ओढलेला असतो. बुटात पाय अर्धा-एक सेंटिमीटर सहज सरकतो. शिवाय दोन्ही पाय जरासे एका बाजूला नेले की कंबर तिरकी होते आणि फरक आणखी ठळक दिसतो. मग मणक्यावर एक झटका, कडाड आवाज, आणि टाचा सरळ धरून, "झाले सारखे." यातला एकही मिलिमीटर हाडात बदललेला नसतो. पाय मोजायचेच असतील तर बूट काढून, कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची, आणि तीही दोनदा. अर्धा-पाऊण सेंटिमीटर फरक कधीच कंबर न दुखलेल्या माणसांतही निघतो.

तो कडाड आवाजही हाड बसल्याचा नसतो. मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांतल्या वंगणात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. त्यानं तासभर मोकळं वाटतं, हे खरं. पण गादी काही बैठकीवरून घसरलेल्या चकतीसारखी सुटी नसते. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती तंतूंनी पक्की जोडलेली असते. पाठीवरून बोटाला लागतं ते मणक्याचं मागचं टोक. गादी त्याच्या पुढे, नसांच्या पोकळीच्याही पलीकडे. तिथवर कुणाचा अंगठा पोहोचत नाही. "गादी सरकली" हा शब्दच आपण सोडला, तर "बसवून देतो" म्हणणाऱ्याचं अर्धं दुकान बंद होईल.

चुंबकाचा पट्टा विकणाऱ्याची कसरत याहून मजेदार. तुम्हाला पाय जुळवून, हात बाजूला आडवा धरून उभं करतात. विक्रेता मनगटाजवळ खाली आणि किंचित बाहेर दाबतो, तुमचा तोल जातो. मग पट्टा बांधतात. आता तो हात कोपराच्या जवळ धरतो आणि जोर तुमच्या पावलांकडे, म्हणजे आतल्या बाजूला देतो. तुम्ही खांबासारखे उभे! शिवाय दुसऱ्या खेपेला धक्का येणार हे अंगाला माहीत असतं. पट्टा कुठला बांधलाय हे दाबणाऱ्याला न कळू देता हीच कसरत करून बघा, फरक नाहीसा होतो. साधा, चुंबकाशिवायचा कमरपट्टा अगदी निरुपयोगी नाही. दुखणं चढलेलं असताना जड कामाच्या तासा-दोन तासांपुरता आधार म्हणून तो चालतो. पण पट्टा लावल्यानं कंबरदुखी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि पट्ट्याच्या भरवशावर माणूस जास्त ओझं उचलतो हा तोटा वेगळाच.

कंबर ओढून ताणणाऱ्या संगणकीकृत यंत्राबद्दल फार लिहायला नको. आडवं पडलं की गादीवरचा दाब तसाही उतरतो, म्हणून यंत्रावर बरं वाटतं आणि उठून गाडीत बसलं की पुन्हा कळ येते.

एमआरआयचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे फसवणारा नेहमी अडाणी नसतो. अहवालात "एल४-एल५ ला", म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामध्ये, "गादी फुगलेली" असं लिहिलेलं असतं, त्यावर बोट ठेवून म्हणतात, "लवकर करा, नाहीतर पाय जाईल." ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. न दुखणाऱ्यांच्या! म्हणून अहवाल एकटा वाचायचा नसतो, पायाशी जुळवून वाचायचा असतो. पाचवी कंबरेची नस दुखावली तर नडगीच्या बाहेरच्या बाजूनं पावलाच्या वर, अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात आणि अंगठा वर उचलायला जोर मिळत नाही. त्याखालची नस असेल तर पोटरीच्या मागून पावलाची बाहेरची कड, करंगळी. चवड्यावर उभं राहताना टाच खाली पडते. अहवालातला दोष डाव्या बाजूला आणि कळ उजव्या पायात असेल, तर तो दोष या दुखण्याचा नाही. "हा दोष आणि माझी कळ एकाच नसेची आहे का?" एवढा प्रश्न विचारा. नीट तपासलेल्या माणसाकडे उत्तर असतं.

शस्त्रक्रियेचंही तसंच. नेदरलँड्समध्ये ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना थांबवून ठेवलेल्यांपेक्षा आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही सांगितलं पाहिजे. म्हणजे शस्त्रक्रिया थोतांड नाही. "आज सही करा" ही घाई बहुतेक वेळा थोतांड असते.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण काही वेळा खरंच तासांचा प्रश्न असतो, आणि तिथेच मालिशवाल्यानं सर्वात मोठं नुकसान केलेलं असतं. शौचाची जागा, जननेंद्रियाभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे. कळ दोन्ही पायांत उतरणे. यातलं काही नव्यानं दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठायचं. मणक्याच्या तळाच्या नसांचा पूर्ण झुपका दाबला गेल्याची ही लक्षणं असू शकतात आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लाजेपायी हे कुणी सांगत नाही आणि गादी बसवणारा विचारत नाही. पाऊल घासत चालायला लागलात, ताप आहे, वजन विनाकारण उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालाय, किंवा दुखणं उंचावरून पडल्यावर सुरू झालंय, तर झटका देणाऱ्याकडे पाठ द्यायचीच नाही. रोज सकाळी घरच्या घरी दोन चाचण्या करा : टाचांवर दहा पावलं चालणं, आणि भिंतीला हात टेकून एकेका पायावर दहा वेळा चवड्यावर उठणं. काल जमत होतं ते आज जमत नसेल, तर डॉक्टरकडे जायला उद्याची वाट बघू नका.

मग येतात पुड्या. लेबल नाही, घटक नाहीत, "जडीबुटी आहे, डॉक्टरला सांगू नका" अशी ताकीद, आणि पहिल्या रात्रीतच चमत्कार. एका रात्रीत सायटिका शांत करणारी पुडी दिसली की तिच्यात स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक मिसळलेलं असावं, असंच आधी धरून चाला. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं अनेकदा सापडलेली आहेत. स्टेरॉइड असेल तर भूक अचानक वाढते, झोप उडते, काही आठवड्यांत चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतात, जरा लागलं तरी निळं पडतं. वेदनाशामक असेल तर पोटात आग होते, आणि शौचाला डांबरासारखी काळी झाली तर आत रक्तस्राव होतोय. उन्हात घाम गाळून कमी पाणी पिणाऱ्याच्या मूत्रपिंडावर हीच औषधं जास्त जोरानं आदळतात. त्यात कळ झाकली गेल्यामुळे माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा पोती उचलायला जातो.

"दुखणं वाढलं म्हणजे औषध लागू पडतंय" हे वाक्य ऐकलंत तर सावध व्हा, कारण त्यात खऱ्याचा एक तुकडा दडलेला आहे. कळ पायाच्या टोकाकडून वर सरकत कमरेत गोळा होत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते सुधारणेचं लक्षण मानतात. उलट कळ कमरेतून खाली पोटरीत, पावलात उतरत असेल तर बिघडतंय, मग समोरचा काहीही म्हणो. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तीनच गोष्टी लिहा : तारीख, कळ कुठवर जाते, बधिर कुठे आहे. ही वही हातात असली की कुणाला थापा मारायला जागा उरत नाही.

सगळेच हातानं उपचार करणारे ठग नसतात. चांगला फिजिओथेरपिस्ट आधी पाय सरळ वर उचलून कळ कितव्या अंशाला गुडघ्याखाली उतरते ते बघतो, गुडघ्यावर-घोट्यावर हातोडी मारतो, लघवीबद्दल विचारतो, आणि व्यायाम शिकवून तुम्हाला घरी पाठवतो. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर उपचार बदलतो.

तोवर कामाचं काय, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर कोणी विकत नाही म्हणून ते कुणी सांगतही नाही. पूर्ण झोपून राहायचं ते फार तर एक-दोन दिवस, त्यानंतर दिवसातून चार-पाच वेळा दहा दहा मिनिटं चालणं. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगते, म्हणून उठल्यावरचा पहिला तास-दोन तास वाकून उचलायचं काम टाळायचं. गाडीत बराच वेळ बसून आलात तर लगेच माल उतरवू नका, दोन-तीन मिनिटं उभं राहून चाला. ओझं अंगाला भिडवून धरा : २० किलो वजन कमरेपासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर धरलं तर त्या वजनाचा कमरेवरचा ताण दुप्पट होतो. वळायचं ते कमरेतून नाही, पावलं उचलून. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही एका माणसानं उचलायची मर्यादा २३ किलो धरली आहे. जमिनीवरून, वळून किंवा वारंवार उचलायचं असेल तर ती आणखी खाली येते. मालकाशी हलक्या कामाबद्दल बोलताना हा आकडा उपयोगी पडतो.

पॅकेजचे पैसे आधीच भरले असतील तर उरलेल्या सिटिंग सोडून द्या आणि बाकी रक्कम लेखी मागा. निदान काय केलं, कोणतं औषध दिलं, हेही लेखी मागा. समोरून ठरलेलं उत्तर येईल, "अर्धवट सोडलंत तर उलटेल." झटके, ताण, मालिश, पट्टा, यातलं काहीही मध्येच सोडल्यानं उलटत नाही. एकदम बंद करायची नसते ती फक्त पुडी, कारण तीन-चार आठवडे स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं आणि अचानक तोडल्यास रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो. उरलेल्या पुड्या फेकू नका. त्या घेऊनच डॉक्टरकडे जा आणि किती दिवस, रोज किती घेतल्या ते खरं सांगा.